म्हातारा थोरल्याकडं, म्हातारी धाकट्याकडं

आष्ट्यात आणि आसपासच्या गावांत भावाभावांचं फाटलं, की पहिला माणूस केरबा हालुंड्याच्या दारात यायचा. "तात्या, उद्या या. वाटणी करायची हाय." की तात्या डोक्याला पटका बांधून निघालाच. पार कराडच्या पलीकडं, साताऱ्याच्या हद्दीतसुद्धा त्यानं वाटण्या करून दिल्या होत्या. जमीन तो पायानं जोखायचा. हा तुकडा कसदार, तो चोपण. म्हणून चोपणवाल्याला वरती आंब्याचं झाड. विहिरीचं पाणी पाळीनं, बैल एकाला तर गाडी दुसऱ्याला, तांब्याचा हंडा मोठ्या सुनेला तर परात धाकटीला. सगळं वाटून झालं की म्हातारा-म्हातारी उरायची. त्यांच्यासाठीही त्याची एक ठरीव रीत होती. म्हातारा थोरल्याकडं, म्हातारी धाकट्याकडं. एकावरच भार नको. थोरल्याला सल्ला द्यायला माणूस लागतं, धाकट्याच्या घरी पाळण्यापाशी बाई लागते. ऐकणाऱ्याला लगेच पटायचं. म्हातारा-म्हातारीला मात्र कुणी विचारायचं नाही, आणि खरं सांगायचं तर केरबानंही कधी विचारलं नाही. मग पंचांची पंगत बसायची, पान-सुपारी व्हायची आणि तात्या घरी यायचा.

मग त्याच्याच घरात फाटलं.

थोरला राजाराम पलटणीतून हवालदार होऊन परत आला होता. धाकटा नानासो लहानपणापासून उसात राबलेला. भांडण लागलं पाण्याच्या पाळीवरून. "मी तिकडं बर्फात मरत हुतो," असं राजाराम म्हणायचा, आणि नानासो म्हणायचा, "मी हितं चिखलात मरत हुतो, मला कुणी बिल्ला दिला न्हाई." रोज तेच. केरबाच्या डोक्याला ताप झाला. शेवटी चिडून त्यानं वाटणी काढली, आणि तीही स्वतःच केली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाटण्या केलेला माणूस, त्यानं स्वतःच्या घरात पंच बोलावला नाही. त्याला तो कमीपणा वाटला. सगळी जमीन त्यानं दोघांत निम्मी-निम्मी केली. भाऊसो पाटील सहज बसायला आला होता, तो म्हणाला, "तात्या, तुमचा स्वतःचा हिस्सा?" केरबा फुशारकीनं म्हणाला, "मला कशाला हिस्सा? मी काय येगळी चूल मांडणार हाय?" गावातलं घर राजारामला, नदीकडचा मळा आणि मळ्यातलं घर नानासोला. आणि रीतीप्रमाणं म्हातारा थोरल्याकडं, म्हातारी धाकट्याकडं. साळूबाई चुलीपुढं बसली होती. तिनं एकदा मान वर करून नवऱ्याकडं बघितलं आणि पुन्हा चुलीत लाकूड सारलं. तिची हरकत नाही असं केरबानं धरलं.

दुसऱ्या दिवशी नानासोनं बैलगाडीत भांडी घातली, खुरपी घातली, कोंबड्यांचा डालगा घातला आणि वर आईला बसवली. गाडी वेशीबाहेर गेली.

राजारामनं बापाला पहिल्या आठवड्यातच पलटणीचा हिसका दाखवला. पहाटे उठायचं, वेळेत जेवायचं, दिवे लागायच्या आत घरात. "टैम म्हंजे टैम, आबा!" केरबा पारावर गप्पा मारत जरा रेंगाळला की दाराला आतून कडी. मग बाहेरून हाका मारायच्या आणि सगळ्या आळीनं ऐकायच्या. आधी माजघरातलं त्याचं अंथरूण सोप्यात आलं, मग सोप्यातून मागच्या पडवीत, सायकलीशेजारी. घोंगडी होती ती सून लीलाबाईनं पाहुण्यांना दिली, ती परत आलीच नाही. मागितली तर म्हणाली, "मामंजी, तुमास्नी थंडी कुठली लागतीया?" थंडी कुणाला लागते हे सुनेनं ठरवायचं, असा या घराचा कारभार झाला होता. एकदा तंबाखूवरून बाचाबाची झाली आणि राजारामनं बापाला असा ढकलला, की केरबा उंबऱ्यावर तोंडावर आपटला. पुढचे दोन दात गेले. राजाराम म्हणाला, "बघून चालाय येत न्हाई का?"

केरबा शिव्या द्यायचा, पण मनातल्या मनात. चारचौघांत बोलायची सोय नव्हती, कारण सगळं त्यानंच वाटून दिलेलं.

साळूबाईची गाठ पडायची ती फक्त बाजाराच्या दिवशी. नानासो तिला वांगी-मिरची घेऊन विकायला पाठवायचा. केरबा सकाळपासून बांगडीवाल्यांच्या रांगेपाशी घुटमळायचा. ती आली की दोघं पाटीशेजारी बसायची. लग्न होऊन नातवंडं झालेली जोडी, आणि भेटायला बाजार! येणारे-जाणारे गंमत करायचे. "काय तात्या, सोयरीक जमली का न्हाई आजून?" केरबाचं डोकं भणाणायचं. साळूबाई पदरात तोंड लपवून हसायची, आणि तिच्या हसण्यानं तो आणखी भडकायचा.

एका बाजारी तिच्या मनगटावर काळानिळा वळ होता.

"ह्ये काय?"

"बैलानं शिंग मारलं."

"कुठल्या बैलानं? त्या दोनी बैलांस्नी मी माझ्या हातानं वाढीवलंय. त्यांनी माशी मारली न्हाई कवा. आन् शिंगाचा असा वळ उठतूया? नानासोनं हात उचलला का तुझ्यावर?"

"हळू बोला. माणसं बघत्यात."

"मी इचारतूया काय आन् तू सांगतीयास काय!"

"गोठ्यात नीजती मी. बैलाचा धक्का लागतूया कवा कवा," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाला वांगी मोजून द्यायला लागली.

म्हणजे ती गोठ्यात झोपत होती. हे केरबाला त्या दिवशी कळलं. घरी जाताना रस्ताभर तो स्वतःशी बडबडत गेला. त्याला एवढंच पाहिजे होतं, की आपण दोघं एका छपराखाली यावं. छप्पर गळकं का असेना, पण एक. त्यापुढं त्याला काही सुचेना.

पहिल्यांदा तो भाऊसो पाटलाकडं गेला. पाटील म्हणाला, "तात्या, रीत तुमचीच. तुमच्या रीतीनं आख्ख्या गावात म्हातारी माणसं वाटल्याली हायती. आता तुमची वाटणी मोडली तर उद्या सगळीच माझ्या दारात येतील." केरबा उठला आणि ठाण्यात गेला. जमादारानं अर्धं ऐकलं आणि म्हणाला, "घरची भानगड घरात मिटवा. रक्तबिक्त निघालं होतं का?" केरबानं तोंड उघडून दातांची फट दाखवली. जमादार म्हणाला, "ह्या वयात दात पडायचेच."

मग तो तालुक्याच्या कोर्टाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाकडं गेला. अर्जनवीस चांगला माणूस होता, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत सांगितलं, "फौजदारी कोर्टात पोटगीचं कलम आहे, पण ते बायकोला आणि पोराबाळांना. आई-बापाचं नाव त्यात नाही."

केरबाला वाटलं, आपलंच काही ऐकायचं चुकलं. "बायकूला हाय?"

"हाय."

"पोराला हाय?"

"हाय."

"आन् ज्यानं पोराला जन्माला घातलं त्याला न्हाई? म्हंजे मी राजारामची बायकू असतो, तर मला मिळाली असती?"

अर्जनवीसानं जरा विचार केला. "मिळाली असती, तात्या."

केरबानं कपाळावर हात मारून घेतला. असला कायदा लिहिणाऱ्याला आई-बाप नसावेत, असं तो मोठ्यानं म्हणाला. कोर्टाचा पट्टेवाला धावत आला तेव्हा कुठं गप्प बसला.

वाट दाखवली ती सांगलीतल्या गुळाच्या अडत्यानं. केरबानं वर्षानुवर्षं त्याच्याकडंच गुळाच्या ढेपा घातल्या होत्या. तो म्हणाला, "आवटी वकिलांना गाठा. दिवाणीतला माणूस आहे." आवटी वकील गणपतीच्या देवळाकडच्या एका बोळात वरच्या मजल्यावर बसायचे. अंगानं बारीक, बोलणं तोडून, आणि रागीट. केरबाला ते बघताक्षणी आवडले.

"फौजदारी विसरा," वकील म्हणाले. "छप्पन सालचा कायदा आहे. म्हातारे, थकलेले आई-बाप स्वतःच्या कमाईवर किंवा मिळकतीवर जगू शकत नसतील, तर त्यांना पोसायची जबाबदारी मुलांवर आहे. दिवाणी कोर्टात दावा लावायचा. तुमच्या नावावर काय आहे?"

"काय न्हाई."

"वाटणीत तुमचा हिस्सा?"

"मी घेतला न्हाई."

"का?"

"जमीन माझी मीच वाटली, सायेब. सोताला हिस्सा कसा ठेवू? बरं दिसत न्हाई."

वकिलांनी हातातला टाक खाली ठेवला. "आणि बायकोचा हिस्सा?"

"बायकूचा कसला हिस्सा?"

"अहो, बाप आणि मुलं यांच्यात वाटणी झाली, तर आपल्याकडं आईलाही मुलाइतका हिस्सा मिळतो. इतकी वर्षं वाटण्या करताय म्हणता ना? सगळ्या म्हाताऱ्यांना उपाशी ठेवून आलात की काय?"

केरबाला कुणीतरी भर बाजारात पटका उडवल्यासारखं वाटलं. इतके बांध घातले, इतक्या पंगती जेवल्या, आणि हे कुणी सांगितलंच नाही. पण त्यानं तरी कधी कुणाला विचारलं होतं? त्या विचारानं त्याला जास्तच संताप आला, आणि तो संताप कुणावर काढावा हे कळेना.

"वाटणी पुन्हा उघडता येईल," वकील म्हणाले.

"नगं. बांध पुन्हा उकरला तर पोरं कुऱ्हाडी काढतील. मला जमीन नगं सायेब. मला म्हातारी पायजे."

"कायद्यात म्हातारी मागता येत नाही." वकील वैतागून पुस्तकाची पानं उलटायला लागले. मग थांबले. "पण पोटगी म्हणजे नुसतं अन्न-वस्त्र नाही. निवारासुद्धा त्यात आहे. दोघांनी मिळून एक दावा लावा. दोघांना एक निवारा मागा आणि दोन्ही मुलांकडून धान्य मागा. मात्र बायकोचाही अंगठा लागेल. ती स्वतः वादी पाहिजे."

केरबा खूश होऊन यष्टीत बसला. शेजारच्याला म्हणाला, "सरकारनं आपल्या साताऱ्याची बी वाटणी केली, दक्षिण सातारा काढला, त्याचं सांगली नाव ठेवलं. पर त्यात बी म्हातारी कुणाकडं ऱ्हायली कुणास ठावं." शेजारचा काही न कळून हसला.

पुढच्या बाजारी त्यानं साळूबाईला सगळं समजावलं. ती ऐकून म्हणाली, "लेकावर फिर्याद करू?"

"फिर्याद न्हाई, दावा."

"नाव काय बी ठिवा. मी माझ्या पोटच्या पोरावर अंगठा उठवणार न्हाई."

"त्यानं तुझ्यावर हात उठीवला!"

"बैलानं."

"गप ग! बैल, बैल! त्या बैलाला घिऊन कोर्टात उभा करू का?"

बाजारभर माणसं वळून बघायला लागली. साळूबाईनं पाटी डोक्यावर घेतली आणि निघाली. अर्ध्या मिरच्या तशाच राहिल्या होत्या. केरबानं हात टेकले. पोरं छळतात ते एकवेळ समजतं, पण जिच्यासाठी हा सगळा खटाटोप तीच आडवी येते म्हणजे काय? पुढं कितीतरी बाजार त्यानं रागानं बुडवले. ते बुडवून छळ झाला तो त्याचाच.

पावसाळ्याच्या शेवटाला केरबाला ताप चढला. तिसरा दिवस उजाडला तरी पडवीत पडून होता. राजाराम सकाळी डोकावून "फीवर हाय, उतरंल" म्हणून गेला. लीलाबाईनं दुपारी भाकरी ठेवली. भाकरी कडक, आणि पुढचे दात नसलेल्या माणसाला ती पाण्यात कालवून द्यायची कुणाला सवड नव्हती. ती भाकरी तशीच राहिली, आधीच्या दोन दिवसांसारखी.

तिसऱ्या प्रहरी दारात साळूबाईचा आवाज आला. मळ्यापासून चालत आली होती. कुणीतरी तिला सांगितलं असणार. केरबानं उठायचा प्रयत्न केला पण डोळ्यांपुढं अंधारी आली.

"लीला, त्यास्नी ताप आलाय म्हनं. मी जरा बसते त्यांच्यापाशी. कण्या शिजवून देते."

"आत्याबाई, तुमची वाटणी तिकडं," लीलाबाई दारात उभी राहून म्हणाली. "आज तुमी कण्या शिजिवणार, उद्या हितंच ऱ्हाणार. मग भावजी म्हणतील, म्हातारी तिकडं गेली, आता माझ्यावर भार न्हाई. आमी दोघास्नी कुठनं घालायचं? तुमचं ताट तिकडं हाय."

"मी जेवाय आले न्हाई ग."

"तरी बी. एकदा आत घेतलं की सवय लागती."

केरबा आतून ओरडला, "लीला, तिला आत घे!" पण घसा बसला होता, तो आवाज कुणाला गेला नाही. दार लोटल्याचा आवाज आला. साळूबाई बराच वेळ उंबऱ्यापाशी उभीच असावी. मग तिची पावलं गेली.

केरबा आयुष्यात इतका कधी रडला नव्हता. स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावरून स्वतःची बायको परत गेली आणि त्याला उठता आलं नाही. आणि लीलाबाई बोलली ते शब्दसुद्धा त्याचेच होते. म्हातारीचं ताट धाकट्याकडं, हे कितीतरी पंगतींत त्यानंच सांगितलेलं.

ताप उतरला. पुढच्या बाजारी तो काठी टेकत बांगडीवाल्यांच्या रांगेपाशी गेला, तर साळूबाई आधीच येऊन बसली होती. पाटी नव्हती. म्हणाली, "कुठं उठवायचा अंगठा?"

दावा लागला, आणि मग तारखांचा फेरा सुरू झाला. एका तारखेला न्यायाधीश साहेब रजेवर, दुसऱ्या तारखेला पोरांचा वकील आजारी, तिसऱ्या तारखेला नोटीस बजावली गेली की नाही यावरच वाद. केरबा चपला झिजवत जायचा आणि आवटी वकिलांवर ओरडायचा. आवटी वकील त्याच्यावर ओरडायचे, "मी काय करू? कोर्ट माझ्या सासऱ्याचं आहे का?" दोघांनाही त्यानं जरा बरं वाटायचं. पण खरी चीड यायची ती पोरांना बघून. पाण्याच्या पाळीवरून एकमेकांचं तोंड न बघणारे राजाराम आणि नानासो इथं एकाच बाकड्यावर, एकच वकील करून, एकाच पुडीतला चिवडा खात बसलेले. वाटणीनं तुटलेले भाऊ बापाविरुद्ध जुळले होते.

शेवटी एकदाची जबानीची तारीख उजाडली. आधी केरबा पिंजऱ्यात उभा राहिला. पोरांचा वकील गोड बोलणारा होता.

"केरबा तात्या, आपण पंच म्हणून नावाजलेले. वाटणीत म्हातारा एकाकडे, म्हातारी दुसऱ्याकडे, ही रीत आपलीच ना?"

"माझीच."

"मग ती आपल्या घरात लागू केली, यात मुलांचा काय अपराध?"

"अपराध माझा. म्हणून काय जल्मभर भोगू?"

"दाव्यात म्हटलंय, की दोघांना एकत्र जेवणखाण मिळत नाही. मला सांगा, लग्न झाल्यापासून आपण दोघं एका वेळी, शेजारी बसून कधी जेवलात?"

केरबानं डोक्यावरचा पटका सारखा केला. वकिलानं पुन्हा विचारलं.

"न्हाई. बाईमाणूस मागनं जेवतं."

"म्हणजे एकत्र कधी जेवलाच नाहीत, आणि आता एकत्र जेवणासाठी दावा!"

कोर्टात हशा पिकला. बाकड्यावर नानासोही हसला. केरबाला वाटलं, या वकिलाचं नरडं धरावं. त्यानं आवटी वकिलांकडं बघितलं, तर ते कागदात डोकं खुपसून बसलेले. सगळं हातचं जाणार, याची त्याला खात्रीच झाली.

मग साळूबाई उभी राहिली. डोक्यावरून पदर, नजर खाली. आवाज इतका बारीक की साहेबांना दोनदा विचारायला लागलं.

"नानासो तुम्हाला खायला देतो?" पोरांच्या वकिलानं विचारलं.

"देतोय."

"अंगावर लुगडं देतो?"

"देतोय."

"मारहाण करतो?"

"न्हाई."

केरबा जागेवरून उठला. "खोटं बोलतीया! तिचं मनगट बघा! सायेब, मनगट बघा!" पट्टेवाल्यानं त्याला खांद्याला धरून खाली बसवला. साहेबांनी ताकीद दिली. साळूबाईनं हात पदराखाली घेतला. केरबा दातओठ खात बसला. म्हणजे जे काही दात शिल्लक होते ते. एवढ्या तारखा, एवढे हेलपाटे, आणि या बाईनं एका शब्दात मातीत घातलं सगळं.

पोरांचा वकील समाधानानं खाली बसला. साहेब लिहीत होते. त्यांनी मान वर केली आणि स्वतःच विचारलं, "आजीबाई, तुम्हाला मुलगा खायला घालतो, नेसायला देतो, मारत नाही. मग तुम्ही इथं का आलात?"

साळूबाई पिंजऱ्याच्या लाकडावरून बोट फिरवत राहिली.

"घाबरू नका. सांगा."

"आता ह्ये वकील म्हनलं, आमी कवा संगं जेवलो न्हाई. खरं हाय." ती थांबली. "पर लगीन होऊन आले, तवापासनं ह्यांचं जेवान झालंय ह्ये ठावं असल्याबगार माझ्या घशाखाली घास गेला न्हाई. ह्ये रानात असलं तर मी वाट बघायची. पंच म्हणून परगावी गेलं, तर यष्टी किती वाजता पोचती, तिथं पंगत कवा बसंल, ह्ये मोजत बसायची, आन् मग जेवायची. आता ह्ये गावात, मी मळ्यात. मला कळतच न्हाई सायेब. कुणाला इचारावं? दिवस मावळला की मी म्हणते, झालं आसंल. झालं आसंल म्हणते आन् जेवते." मग ती पहिल्यांदाच वर बघून म्हणाली, "मी रोज आदमासानं जेवते. आन् त्यांस्नी ताप आला तवा तीन दिस त्यांनी काय खाल्लं न्हवतं, आन् मी आदमासानं जेवत हुते."

कोर्टात कुणी हसलं नाही. साहेबांचा टाक हातातच राहिला. नानासो पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला. राजाराम एकदम उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

साहेबांनी दोन्ही वकिलांना पुढं बोलावलं. मधल्या सुट्टीत झाडाखाली तडजोड झाली. गावातल्या घरामागची परड्याकडची खोली, जिच्यात राजाराम पेंड आणि औतं ठेवायचा, ती दोघांना. दार वेगळं, चूल वेगळी. सुगीला शाळू, तूर, गूळ दोन्ही पोरांनी घालायचा. साळूबाई लगेच म्हणाली, "मिटलं. चला." पण केरबा हटून बसला. "तोंडी न्हाई. लिवून पायजे. ह्यांचा शबूद मी उंबऱ्यावर आपटून बघितलाय." आवटी वकील ओरडले, "अहो, कोर्टात नोंदवली की तडजोडीचाच हुकूमनामा होतो! पाळला नाही तर अंमलबजावणीची दरखास्त लावू!" तरी केरबानं सगळं दोनदा वाचून घेतलं, आणि 'खोलीला आतून कडी' हेही त्यात घालायला लावलं. वकिलांनी डोळे मिटले आणि घातलं.

खोलीत पेंडीचा वास महिनाभर गेला नाही. पहिल्याच संध्याकाळी राजारामनं शाळूचं पोतं दारात आणून टाकलं आणि गेला. नानासोनं गुळाची ढेप गड्याबरोबर पाठवली; काळपट आणि मऊ.

"बघितलास गूळ?" केरबा म्हणाला. "जनावराला घालायचा आपल्याला दिला."

"काहिलीला लागला आसंल. त्यो तरी काय करंल?"

"घ्या! आजून त्याचीच बाजू! देवाची आण घिऊन कोर्टात खोटं बोललीस तू. मारत न्हाई म्हनं."

"बोलले."

"लाज न्हाई वाटली?"

"आईनं काय सांगायचं असतं मग?" साळूबाई भाकरी थापत म्हणाली. केरबा आणखी चिडून बसला.

तिनं ताट वाढलं. भाकरी आमटीत कुस्करून, चांगली मऊ करून दिली. केरबा ताटाकडं बघत राहिला.

"तू बी बस की. संगं जेवू."

"आता ह्या वयात? कोर्टानं काय तसं लिवलेलं न्हाई. जेवा."

केरबा पुटपुटला आणि जेवायला लागला. सावकाश जेवला. साळूबाई चुलीपुढं गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही, पण तिचा कान इकडंच होता, हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं. किती वर्षं तो जेवून नुसता उठून गेला होता. काही बोलायचं असतं, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. त्यानं ताटात हात धुतला, पाणी प्याला, आणि जरा मोठ्यानंच म्हणाला, "झालं ग माझं जेवान."

साळूबाईनं आपलं ताट पुढं ओढून घेतलं.